दोन केसपेपरांचा माणूस

मनाचा आजार आणि व्यसन एकाच माणसाला असतील, तर त्याच्या वाट्याला दोन केसपेपर येतात आणि दोन्हीकडून परत पाठवणी. मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, “आधी दारू सोडा, मग बघू खरंच डिप्रेशन आहे का.” व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, “यांना आवाज ऐकू येतात, रात्री ओरडले तर बाकीचे पेशंट बिथरतात. आधी तिकडून बरे करून आणा.” सांगणारी माणसं वाईट नसतात. खाटा कमी, कर्मचारी कमी, शिक्षणही एकाच बाजूचं झालेलं. पण या दोन दारांमधल्या एसटीच्या खेपांमध्ये किती बायकांनी मंगळसूत्र गहाण टाकलं आणि किती पोरं मधल्यामध्येच गेली, हे मी पाहिलं आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते, नंतरची सगळी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून. दोन्हीकडे मला ताईच म्हणतात. या दोन्ही ठिकाणी काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: दोन्ही आजारांवर एकाच वेळी, एकाच छताखाली, शक्यतो त्याच माणसांनी उपचार करायला हवेत. ‘आधी कोणतं’ याचा निकाल लागेपर्यंत पेशंटला ताटकळत ठेवणं मला आता बघवत नाही.

हे मत व्हायला एक कालनिर्णय कारणीभूत आहे.

पंचविशीतला एक मुलगा होता. आयटीआय झालेला, वेल्डिंगचा हात चांगला. दोन-तीन केंद्रांत राहून आला होता, प्रत्येक वेळी चांगला होऊन घरी जायचा आणि काही महिन्यांत पुन्हा रस्त्यावर पडलेला सापडायचा. केंद्राच्या फायलीत एकच निदान: दारूचं व्यसन. काका म्हणायचा, “पितो म्हणून डोकं फिरतं.” आई म्हणायची, “डोकं फिरतं म्हणून पितो.” घरात यावरून भांडणं. एकदा आई येताना पिशवीतून कालनिर्णयची पानं घडी घालून घेऊन आली. मागच्या बाजूला दुधाचा हिशोब, आणि पुढे तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षरं. ज्या दिवशी पोरगा प्यायला तिथे ‘प्या’. ज्या रात्री तो झोपला नाही तिथे ‘जा’. जागा म्हणून. तो जागा असला की तीही जागीच असायची, म्हणून तिनं तेही टिपलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना.

मी आणि डॉक्टर ती पानं टेबलावर पसरून बघत बसलो. जवळजवळ प्रत्येक ‘प्या’च्या आधी तीन-चार ‘जा’ ओळीनं होते. डॉक्टरांनी त्या रात्रींबद्दल खोदून विचारलं. तेव्हा आई सांगू लागली: फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढतो म्हणून रात्री दोन वाजता लोकांची दारं वाजवायचा, ग्रिलचा ॲडव्हान्स मागायचा, हप्त्यावर दोन मोबाइल घेतले, बोलणं थांबतच नव्हतं. मग पाचव्या दिवशी बाटली. दारूनं झोप येते हा त्याचा स्वतःचा शोध होता. बायपोलर आजाराचं निदान व्हायला एवढी वर्षं लागली, कारण तो दवाखान्यात पोचायचा तोवर नेहमी प्यायलेला असायचा आणि त्या वासापुढे कुणाला पुढचं काही विचारावंसं वाटायचं नाही.

लिथियम सुरू झालं. पण हे औषध मोठं काटेकोर आहे. रक्तातलं प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावं लागतं, त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. माणूस प्यायला, उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं की तेच औषध विषासारखं चढू शकतं. म्हणजे दारूकडे काणाडोळा करून लिथियम देता येत नाही, आणि लिथियमशिवाय त्याची झोप जायची थांबत नाही. दोन्ही दोऱ्या एकाच हातात धरणारा कुणीतरी लागतो. त्या मुलाची दारू एका झटक्यात सुटली नाही. पहिल्या वर्षात तो अनेकदा प्याला. फरक एवढाच, की दर वेळी तो आमच्याकडेच आला, आणि ‘जा’ दिसू लागल्याबरोबर आईच फोन करायची, ‘प्या’ची वाट न बघता.

‘आधी कोणतं’ या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलं आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी १९८५मध्ये मांडलं, की माणूस आपल्या मनाच्या वेदनेवर स्वतःच औषध शोधतो आणि ते नशेत सापडतं. उलट बाजूही खरी आहे. वर्षानुवर्षं प्यायल्यानं उदासी येते, गांजानं काहींच्या मनात संशय आणि भास सुरू होतात. १९९०मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी नशेचा विकार झालेला आढळला. निम्म्याच्या जवळपास! तरीही ‘दोन्ही असलेला पेशंट’ हा आपल्याकडे अजून अपवाद समजला जातो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या बाजूनं सांगायला हवी. दारू बंद केल्यावर पुष्कळांची उदासी तीन-चार आठवड्यांत आपोआप निवळते, म्हणून गोळ्या लिहिण्याआधी थोडं थांबून बघणं शास्त्राला धरूनच आहे. माझं भांडण त्या थांबण्याशी नाही. तो महिना पेशंटनं कुठे काढायचा, हा माझा प्रश्न आहे. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळताहेत त्याला “महिनाभर कोरडा राहून या” म्हणून घरी पाठवायचं, की दर दोन दिवसांनी समोर बसवून, झोप-जेवण विचारत, घरच्यांना फवारणीच्या औषधाची बाटली कुलपात ठेवायला सांगत तो महिना आपण त्याच्याबरोबर काढायचा? शेतकरी घरांत ही बाटली कुलपात ठेवा हे सांगणं कुठल्याही गोळीइतकंच महत्त्वाचं आहे.

श्रावणाचं सांगायलाच हवं. गटारी अमावास्येपर्यंत भरपूर पितात आणि श्रावण लागला की एकदम बंद. कुणी माळ घालतो, कुणी देवासमोर शपथ घेतो. श्रद्धेनं सोडलेली दारू मला फार मोलाची वाटते; माळेनं तरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण जो रोज सकाळी उठल्या उठल्या पितो, त्याच्या शरीराला हे एकदम बंद होणं झेपत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात अशी माणसं येतात आणि आणणारे सांगतात, “चार दिवस झाले दारूला शिवला नाही, आणि आता वेड लागलंय.” काहींनी मध्ये एक दिवस देवऋष्याकडे घालवलेला असतो.

एसटीतून निवृत्त झालेला एक कंडक्टर आठवतो. खाटेवर बसून तो रात्रभर तिकिटं फाडत होता. डाव्या हातात नसलेला ट्रे, उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावून तो एकेक तिकीट काढायचा, चिमट्यानं भोक पाडायचा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला द्यायचा आणि सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचा. मध्येच दोरी ओढून घंटी मारायचा. घामानं शर्ट भिजलेला, हात थरथरताहेत, पण तिकीट काढतानाची बोटांची सवय तशीच्या तशी. बायको कोपऱ्यात रडत होती. तिला वाटलं नवरा कायमचा गेला. आमच्या सिस्टरनं तिला जवळ बसवून सांगितलं, की हे दारू तुटल्याचं आहे, उपचारानं उतरेल. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, शांत करणाऱ्या गोळ्या आणि त्या हळूहळू कमी करत नेणं, उजेड असलेली खोली, सारखं ‘आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात’ हे सांगत राहणं. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, “ताई, मी इथं कधी आलो?” हा आजार वेळीच ओळखला नाही तर माणूस दगावतो. आणि ओळखायचा, तर मानसोपचार आणि व्यसन दोन्ही समजणारं कुणीतरी रात्रपाळीला हजर हवं.

पण त्याची गोष्ट तिथे संपली नाही. भ्रम उतरला, शुद्धीवर आला, आणि मग आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. निवृत्तीनंतर वर्षभरात मुलगा अपघातात गेला होता. हे कुठल्याच केसपेपरवर नव्हतं. दारू तुटल्याचा उपचार झाला म्हणून डिस्चार्ज दिला असता, तर तो थेट गुत्त्यावर गेला असता, असं मला आजही वाटतं. त्याला आम्ही ठेवून घेतलं. बायकोला समजावून, मुलाबद्दल दोघांना एकत्र बसवून बोलतं केलं. घरात मुलाचं नाव घ्यायचं नाही असं दोघांनी न ठरवता ठरवलेलं होतं.

आता त्या औषधाबद्दल, जे भिंतीभिंतीवर रंगवलेलं असतं: ‘न सांगता दारू सोडवा’. त्या पुड्यांत काय असतं हे खुद्द विकणाराही धड सांगत नाही. आणि काही घरांत डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून आमटीत घालतात. हे औषध खरं आहे, चाळीसच्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये ते दारूवर वापरात आलं, आणि माणसानं स्वतः समजून घेतलं तर कित्येकांना त्याचा आधार होतो. घेतल्यावर दारू प्यायलं, की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, रक्तदाब पडतो. न सांगता दिलं तर जिवावर बेतू शकतं. आणि ज्याला आधीच भास आणि संशय आहेत, त्याचा आजार या औषधानं आणखी वाढू शकतो. एका माणसाला बायको आपल्याला विष घालते असा संशय होता. ती खरोखरच त्याच्या आमटीत गोळी घालत होती, काळजीनं. त्याला सारखी मळमळ व्हायची, तो ताट फेकायचा, आणि सगळे म्हणायचे बघा किती वेडा झालाय. त्या घरात आम्हाला सगळ्यात आधी काय करावं लागलं, तर बायकोनं त्याला खरं सांगणं. ते तिला फार जड गेलं. तो मात्र ऐकून शांत झाला, आणि म्हणाला, “मग मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं.” त्यानंतर त्यानं आवाजांवरच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली, तिच्या हातून.

विडीचंही असंच. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांना विडी आणि चहा यांची ओढ फार. पूर्वी आम्ही तिकडे लक्ष देत नसू; बिचाऱ्याला तेवढंच सुख आहे म्हणायचे सगळे. पण धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिनसारखं औषध भराभर मोडतं. वॉर्डात विडी बंद झाली की तोच डोस रक्तात वाढतो, माणूस गुंगतो, तोंडातून लाळ गळते. डॉक्टर डोस कमी करतात. पेशंट घरी जातो, पुन्हा दिवसाला बंडल ओढू लागतो, औषध कमी पडतं आणि आवाज परत येतात. मग घरचे म्हणतात, सरकारी गोळ्यांत दम नाही. हे सगळं धुराचं गणित आहे. तंबाखू चघळली किंवा मशेरी लावली तर असं होत नाही, त्याचे तोटे वेगळे. हे लक्षात आल्यावर आमच्या विभागात डिस्चार्जच्या कागदावर ‘रोजच्या विड्या किती’ हा रकाना डॉक्टरांनी घालून घेतला.

मशेरीवरून बायकांचं आठवलं. त्या आमच्याकडे नवऱ्याला घेऊन येतात, स्वतःसाठी क्वचितच. पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या, आणि त्यांच्या उदासीला घरात कुणी आजार म्हटलेलं नव्हतं, गोळ्यांना कुणी व्यसन म्हटलेलं नव्हतं. त्यांचा तर एकही केसपेपर निघत नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगांबद्दल मला मनापासून आदर आहे. १९३५मध्ये अमेरिकेत दोन दारुड्या माणसांच्या भेटीतून सुरू झालेली ही चळवळ आज आपल्या तालुक्यांपर्यंत पोचली आहे आणि फुकट चालते. पण मीटिंगमध्ये कुणी जुना सभासद उत्साहानं सांगतो, “गोळ्या म्हणजे पण नशाच, खरा सोबर तो जो काहीच घेत नाही.” लिथियम घेणाऱ्या किंवा आवाजांवर गोळी घेणाऱ्या माणसाच्या मनात हे वाक्य खोल जातं. अशा एका बोलण्यानंतर गोळ्या बंद करून पुन्हा ॲडमिट झालेली माणसं मी सांभाळली आहेत. वास्तविक या संघटनेच्या स्वतःच्या पुस्तिकेतच स्पष्ट आहे, की औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, सभासदानं डॉक्टरकी करू नये. ती पुस्तिका मी पर्समध्ये ठेवते आणि आमच्याकडून मीटिंगला जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर वाचते. शिवाय आम्ही आमचा एक गट चालवतो, जिथे ‘मी दारुडा आहे’ आणि ‘मला आवाज ऐकू येतात’ ही दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत बोलता येतात. पहिल्यांदा कुणी दुसरं वाक्य बोललं तेव्हा बाकीचे काही क्षण गप्प होते, मग पलीकडून एकजण म्हणाला, “मलाबी येतात. रात्रीचे जास्त.” त्या दिवशी चहा तीनदा झाला.

स्लिप झाली, म्हणजे सोडलेला माणूस पुन्हा प्यायला, की काय करायचं, यावर माझे आणि जुन्या सहकाऱ्यांचे बरेच वाद झाले आहेत. केंद्रांची शिस्त अशी, की प्यायलेला माणूस आत नको, बाकीच्यांवर परिणाम होतो. ते काही खोटं नाही. पण ज्याला दोन आजार आहेत त्याची स्लिप म्हणजे पुष्कळदा दुसरा आजार उठल्याची पहिली खूण असते. तेव्हाच दार लावलं, तर ती खूण बघणारं कुणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी होते. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, दारूबरोबर गोळी घेऊ नका. माणूस ते अगदी प्रामाणिकपणे पाळतो: ज्या दिवशी प्यायचं त्या दिवशी गोळी नाही. मग आठवड्यातून चार दिवस गोळी नाही. आजार उलटतो, आणि औषधाचा गुण आला नाही अशी नोंद होते. म्हणून आमच्या फार्मासिस्टनं स्केचपेननं पाकिटांवर ठिपके द्यायला सुरुवात केली. प्यायलेल्या दिवशीही जी गोळी डॉक्टरांच्या मते चुकवायची नाही तिला हिरवा, आणि दारूवर जी घेतली तर श्वास मंदावू शकतो अशा झोपेच्या गोळीला लाल. लिथियमला दोन्ही, आणि बाजूला अक्षरात: उलट्या-जुलाब झाले तर घेऊ नका, लगेच या. वाचता न येणाऱ्या माणसालाही ठिपका कळतो. आणि पेशंटला त्यातून हेही कळतं, की तू प्यायलास तरी आम्ही तुला औषध नाकारत नाही.

महाराष्ट्रात अशा एकत्र उपचारांची सुरुवात खरं तर चांगली झाली होती. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या लाटेत सापडलेल्या पोरांकडे मनाचे डॉक्टर आणि व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते एकत्र बघू शकतात, हे तिथे दिसलं. पुढे सरकारी व्यवस्थेत मात्र दोन वाटा झाल्या. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून, मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाचा. फायली वेगळ्या, प्रशिक्षणं वेगळी, तपासणीला येणारे अधिकारी वेगळे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था घेतल्या. २०१८च्या मे महिन्यात तो लागू झाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कायद्याच्या लेखी आता हा एकच पेशंट आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १२ राज्यांमध्ये दिसलं, की दारूच्या विकाराच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ८६ जणांपर्यंत उपचारच पोचलेले नाहीत. जे थोडे दारापर्यंत येतात, त्यांना तरी पलीकडच्या दाराकडे पाठवू नये.

आमच्याकडे काही वर्षं आठवड्यातून एक दिवस एकत्र ओपीडी चालली. मनोविकारतज्ज्ञ, सिस्टर, मी, फार्मासिस्ट आणि व्यसनातून बाहेर पडलेला एक कार्यकर्ता, सगळे एका खोलीत, एकच केसपेपर. मग तज्ज्ञ डॉक्टरांची बदली झाली, नवीन जागा भरली गेली नाही, आणि ओपीडी बंद पडली. व्यसनाचे पेशंट पुन्हा एका मजल्यावर, मनोविकाराचे दुसऱ्या. ती ओपीडी परत सुरू करावी आणि उपजिल्हा रुग्णालयातही महिन्यातून दोनदा न्यावी, असा प्रस्ताव आम्ही वर पाठवला आहे. त्याच्या मागे लागणं चालू आहे. दरम्यान सिस्टर आणि मी मिळून एक काम करतो: खालच्या मजल्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला झोप, आवाज, उदासी आणि जीव नकोसा वाटतो का हे विचारतो, वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला दारू, विडी, गांजा आणि मेडिकलच्या गोळ्या विचारतो, आणि दोन्ही केसपेपर एकमेकांना टाचणीनं लावून डॉक्टरांपुढे ठेवतो. घरच्यांनाही सांगतो, दवाखाना बदललात तरी दोन्हीकडचे कागद बरोबर आणा, एकही लपवू नका. रात्री-अपरात्री आम्ही नसलो तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो नंबर आम्ही दोन्ही मजल्यांवर जिन्याजवळ लावला आहे.